चार सवाऱ्यांचं हिमोग्लोबिन

मी डॉक्टर आहे, पण कुणाच्या कामाची नाही, यावर आमच्या मानक नगरच्या कॉलनीत एकमत आहे. मी फिजिऑलॉजी शिकवते. म्हणजे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हृदय कसं चालतं, मूत्रपिंड काय करतं, श्वास कसा होतो हे सांगायचं. पेशंट बघायचा नाही, औषध लिहायचं नाही. नवरा रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर, त्यामुळे आम्ही सांगलीहून लखनौला आलो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभीजी स्वतःचा गुडघा घेऊन आल्या होत्या. मी त्यांना गुडघ्यातल्या वंगणाचं कार्य अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अच्छा, तो आप पढ़ाने वाली डॉक्टर हैं." तेव्हापासून कॉलनीतले गुडघे आणि खोकले दोन घरं पलीकडच्या होमिओपॅथीवाल्याकडे जातात.

हे सांगायचं कारण असं, की आमच्या कॉलेजने उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार जाहीर केला तेव्हा तो मला हवा होता. पुरस्कारबिरस्कार आपल्याला नको बुवा, असं म्हणणारी माणसं मला आवडतात, पण मी त्यांच्यातली नाही. शाल मिळणार होती, मोमेंटो मिळणार होता, आणि मुख्य म्हणजे कॉलेजच्या फाटकावर फोटोसकट बॅनर लागणार होता. भाभीजी दर मंगळवारी त्या रस्त्याने देवळात जातात. मी मनातल्या मनात मांडे खायला सुरुवात केली होती.

आता, चांगलं शिकवणं ओळखायचं कसं, हा प्रश्न आला. आमचे प्रिन्सिपल साहेब हाडांचे सर्जन. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, जुळलेलंही दिसतं. चांगलं शिकवणं कशात दिसतं, असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा आम्ही सगळे प्राध्यापक समोरच्या बिस्किटांकडे बघायला लागलो. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. विषयाचा निकाल, विद्यार्थ्यांनी भरलेला फॉर्म, आणि तिघांच्या समितीने वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकलेलं एक लेक्चर.

फॉर्मचं तर हसंच झालं. मुलांना जेवायला जायचं होतं. त्यांनी मोबाइलवर सगळ्यांना पाचपैकी पाच ठोकून दिले आणि पळाले. वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेले एक प्राध्यापक यादीतून काढायचे राहिले होते, ते तिसरे आले. लेक्चर ऐकायला समिती येणार म्हटल्यावर मात्र कॉलेजचं रूप पालटलं. न्यायवैद्यकाचे एक सर होते, त्यांचा आवाज तीन बॅचेसनी नीट ऐकलेला नव्हता. ते आता दर पाच मिनिटांनी "एनी डाउट्स?" म्हणून थांबायला लागले, आणि मुलं घाबरून वह्यांत तोंड खुपसायला लागली.

माझं मात्र निवांत होतं. निकाल माझ्या बाजूला होता. गेली काही वर्षं पहिल्या वर्षाच्या तीन विषयांत माझ्या विषयाचा निकाल सर्वांत चांगला लागत होता, आणि तो माझ्या शिकवण्यामुळे लागतो याबद्दल मला शंका नव्हती. समितीसाठी मी लेक्चरही माझं हुकमी निवडलं होतं. ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनच्या आलेखाचं. चौसष्ट स्लाइड्स.

त्याच आठवड्यात आणखी एक कागद माझ्या टेबलावर आला होता. विभागप्रमुख म्हणून करारावरच्या लोकांबद्दल शेरा लिहायचा कागद. माझ्या विभागात असा माणूस एकच, आमचे ट्यूटर साहेब. ट्यूटर म्हणजे प्राध्यापकांच्या खालची पायरी. मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, हजेरी मांडायची. हे गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे, लखनौच्या चौक नावाच्या जुन्या वस्तीत जन्मलेले आणि चौकातच राहणारे. एम.एस्सी. झालेले, म्हणजे डॉक्टर नव्हेत, त्यामुळे बढती नाही आणि दर वर्षी नवा करार. उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. मी खोलीत शिरले की हातातलं काम टाकून उभे राहायचे आणि मी बाहेर जाईपर्यंत उभेच. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की "ॲक्चुअली मैडम" म्हणायचे, आणि पुढचं वाक्य बिचारं कधी यायचंच नाही.

कागदावर त्यांच्या अध्यापनाबद्दल लिहायला अर्धी ओळ जागा होती. मी लिहिलं, "काम ठीक. इंग्रजी कच्चं. पदाची गरज तपासावी." तेवढ्यात चहा आला. मी सही केली आणि चहा प्यायले. त्या अर्ध्या ओळीवर माणसाची नोकरी टांगलेली असते हे मला माहीत होतं. तरी लिहिताना मी चहाचाच विचार करत होते.

मग सत्र परीक्षेचे पेपर तपासायला घरी आले. चौथा प्रश्न माझ्या लाडक्या आलेखाचा होता. तो थोडक्यात असा: रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि शरीरात नेऊन सोडतं. एका हिमोग्लोबिनवर चार ऑक्सिजन बसतात. त्यातला पहिला बसायला फार वेळ लावतो, पण एकदा तो बसला की पुढचे भराभर बसतात. म्हणून आलेखाची रेघ सरळ जात नाही, इंग्रजी एस अक्षरासारखी वळते.

पहिल्याच पेपरात लिहिलं होतं की हिमोग्लोबिन ही चार सवाऱ्यांची, म्हणजे चार प्रवाशांची, ई-रिक्षा आहे. मी लाल प्रश्नचिन्ह टाकलं. तिसऱ्या पेपरात पुन्हा ई-रिक्षा. सातव्यात ई-रिक्षाचं चित्र, ड्रायव्हरसकट. एका मुलाने आलेखाच्या आडव्या रेघेवर, जिथे फुप्फुसं आणि स्नायू लिहायचे, तिथे सरळ चारबाग स्टेशन आणि अमीनाबाद बाजार लिहून टाकलं होतं. शंभरातल्या एक्केचाळीस पेपरांत ई-रिक्षा निघाली. माझ्या चौसष्ट स्लाइड्सपैकी एकीतही चाकाचं वाहन नव्हतं.

चाळीस मुलांनी एकच चूक केली तर ती कॉपी, हा आमच्या धंद्यातला नियम. इथे चाळीस मुलांनी एकच गोष्ट बरोबर लिहिली होती, याकडे माझं लक्ष गेलं नाही. मी पेपर आपटले. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "उत्तर चुकलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"पण माझं नाहीये."

त्याने डोकं परत वर्तमानपत्रात घातलं. इंजिनियर माणसाला यातलं काही कळत नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी पाच मुलांना केबिनमध्ये बोलावलं आणि कुठल्या गाइडातून हे उचललं ते विचारलं. सगळ्यांनी मान खाली घातली. शेवटी लांब वेणीची एक मुलगी होती, सीतापूरकडची, ती म्हणाली, "गाइड नहीं है, मैम."

"फिर कहाँ से आया?"

"मैम, वो तो... बृहस्पतिवार को क्लियर हो जाता है." शेजारच्या मुलाने तिच्या पायावर पाय दिलेला मला टेबलाखालून स्पष्ट दिसला.

बृहस्पतिवार म्हणजे गुरुवार. गुरुवारी जेवणानंतर प्रॅक्टिकल असतं. मुलं बोट टोचून रक्त काढतात आणि हिमोग्लोबिन मोजतात. त्या वेळात मी केबिनमध्ये डोळे मिटून बसते, त्याला मी चिंतन म्हणते. या गुरुवारी मी चिंतन रद्द केलं. कॉपीचं रॅकेट रंगेहाथ पकडायचं म्हणून चपलांचा आवाज न करता, टाचा उचलून, आमच्या लॅबच्या दारापाशी गेले आणि डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनच्या आडोशाला उभी राहिले. विभागप्रमुख बाई कॅनमागे का उभ्या आहेत, असं जाणाऱ्या शिपायाला वाटलं असणार, पण तो सभ्य होता, त्याने नमस्ते केला आणि गेला.

आत चार स्टूल मांडले होते, दोन दोन समोरासमोर. पुढे पाचव्या स्टुलावर आमचे ट्यूटर साहेब बसले होते. गुडघ्यावर ठोकायचा रबरी हातोडा त्यांनी हँडलसारखा आडवा धरला होता, आणि सात वर्षांत ज्यांचा आवाज मी टेबलापलीकडे ऐकला नव्हता, ते गृहस्थ गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, "अमीनाबाद, अमीनाबाद, आइए, अमीनाबाद."

मग हँडल मांडीवर ठेवून त्यांनी मुलांना विचारलं, "ख़ाली रिक्शे में कोई बैठता है? नहीं बैठता. सोचता है, ये कब भरेगा और कब चलेगा. चारबाग में दस लोग खड़े हैं, और रिक्शा ख़ाली खड़ा है." त्यांनी एका मुलाला हाताला धरून पहिल्या स्टुलावर बसवलं. "अब ये बैठ गए. अब बाक़ी लोग क्या सोचेंगे? कि भई, अब चलेगा." दुसरा बसला, तिसरा धावत आला, चौथा आणि पाचवा एका स्टुलासाठी भांडले. प्रत्येक जण बसला की ते उठून फळ्यावरची रेघ थोडी पुढे न्यायचे. आधी रांगत, मग एकदम उभी. "और अब आगे सीधी क्यों हो गई? अब चाहे सौ लोग खड़े हों, सीट कहाँ है?"

रिक्षा अमीनाबादला पोचली. गर्मी, धक्काबुक्की, पाय ठेवायला जागा नाही. सवाऱ्या उतरल्या. वेणीवाल्या मुलीने विचारलं की धावताना स्नायूंना जास्त ऑक्सिजन कसा मिळतो, तर ते म्हणाले, "ईद से पहले का अमीनाबाद देखा है? जितनी गर्मी, जितनी भीड़, उतनी जल्दी उतरिए. रिक्शे वाला रोकता भी नहीं." शेवटी त्यांनी कार्बन मोनॉक्साइड नावाची सवारी बसवली. हा विषारी वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. "ये साहब चारबाग से बैठे, सामान लेकर. न ख़ुद उतरते हैं, न दूसरों को उतरने देते हैं. रिक्शा घूम रहा है, और मरीज़ मर रहा है."

रेघेचा वरचा भाग सपाट का होतो हे मी वीस वर्षं एका समीकरणाने शिकवत आले आहे. समीकरण बरोबर आहे. पण कॅनमागे उभी असताना मला ती रेघ पहिल्यांदा दिसली. मला आनंद झाला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मला राग आला, आणि रागाहून जास्त हेवा वाटला. असा हेवा मला जावेच्या पाटल्यांचाही कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. ते ताडकन उठले. हातोडा खाली पडला, मुलं उभी राहिली, सवाऱ्या पांगल्या.

"ये कब से चल रहा है?" मी विचारलं. नवऱ्याला कुठे पकडल्यावर बायका विचारतात, तोच माझा सूर होता.

"गुस्ताख़ी माफ़ मैडम, सात साल से." ते फळा पुसायला लागले. "आपका लेक्चर बहुत ऊँचा होता है. बच्चों का हाथ नहीं पहुँचता. हम बस नीचे एक स्टूल रख देते हैं."

यात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. मी बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. मी "ठीक है, ठीक है" असं काहीतरी म्हणून निघून आले.

घरी जेवताना हे सांगितलं. नवऱ्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, "तुझे निकाल चांगले यायला लागून किती वर्षं झाली म्हणालीस?"

 सात झाली होती. आमची मुलगी मराठी सगळी समजते पण बोलते हिंदी, ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, आप सिलेबस पूरा करती हो यार. पढ़ाते तो वो हैं." आमच्याकडे जेवताना फार खरं बोलायची वाईट खोड आहे.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी उठून तो अर्ध्या ओळीचा शेरा परत मागवला असता. मलाही तो आठवला होता, अगदी स्पष्ट आठवला होता. पण शेरा बदलायचा तर कारण द्यावं लागणार, कारण दिलं की निकाल कुणाचा हा प्रश्न येणार, आणि समिती पुढच्याच आठवड्यात यायची होती. पुरस्कार होऊन जाऊ दे, मग सावकाश छान लिहू, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगितलेल्या गोष्टी माणूस लगेच ऐकतो.

समिती आली. मागच्या बाकावर तिघं बसले, त्यांच्या पलीकडे हजेरीचं रजिस्टर घेऊन ट्यूटर साहेब. मी सुरुवात केली. नवव्या स्लाइडपर्यंत वर्गाची अवस्था दुपारच्या सरकारी कचेरीसारखी झाली. समितीतले सर्वांत ज्येष्ठ सर डोळे मिटून ऐकत होते. पंचावन्न स्लाइड्स शिल्लक होत्या. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी रिमोट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आप लोग चारबाग पर खड़े हैं. सामने एक ख़ाली ई-रिक्शा है."

वर्ग जागा झाला. मी सगळं केलं. चार मुलांना पुढे बोलावून खुर्च्यांवर बसवलं, रेघ वर नेली, सपाट केली, अमीनाबादला सवाऱ्या उतरवल्या. "अमीनाबाद, अमीनाबाद" असं ओरडलेसुद्धा. मुलं हसत होती, समिती हसत होती, ते ज्येष्ठ सर पुढे झुकून बघत होते. फक्त ती लांब वेणीची मुलगी हसत नव्हती. ती मान वळवून मागे, रजिस्टरकडे बघत होती. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण नागोबाला आतून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. त्याला छान वाटतं. निदान तास संपेपर्यंत तरी.

तास संपल्यावर ट्यूटर साहेब दारापाशी थांबले होते. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "मैडम, आपने हमारी छोटी सी बात को इतने बड़े हॉल में जगह दी. शुक्रिया."

आणि मी, दोन पदव्या घेतलेली, चांगल्या घरातली बाई, त्यांना विचारून बसले, "ठीक हुआ न?"

"बहुत उम्दा," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी सकाळी पुरस्कार जाहीर झाला. मलाच. दुपारी ट्यूटर साहेब चौकातून मलाई गिलौरी घेऊन आले. पानासारखी दुमडलेली साय आणि आत खडीसाखर, घरापासून कॉलेजपर्यंत मांडीवर सांभाळून आणलेली. "मुबारक हो, मैडम." मी दोन खाल्ल्या. संध्याकाळी भाभीजींना मीच मुद्दाम सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "अच्छा, पढ़ाने का भी इनाम होता है?" तरीही मला गोडच लागलं.

बुधवारी ऑफिसचा क्लार्क एक कागद सहीला घेऊन आला. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाकडे विभागाचं काही सामान राहिलेलं नाही, असं लिहून द्यायचा कागद. सामानाच्या यादीत होतं: रबरी हातोडा एक, स्टूल पाच. खाली ट्यूटर साहेबांची सुबक सही. कागदाला मागे टाचणीने त्यांना दिलेलं पत्र लावलं होतं. करार पुढे चालू ठेवता येत नाही, विभागप्रमुखांचा शेरा पुढीलप्रमाणे, आणि मग माझी अर्धी ओळ, शब्द न् शब्द. पत्र त्यांना शनिवारी मिळालं होतं. गिलौरी सोमवारची होती.

मी क्लार्कला चहा न विचारता घालवलं आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं. स्वतःचा असा राग मला पूर्वी कधी आला नव्हता, आणि त्यात भर म्हणजे त्या गिलौरीची चव अजून आठवत होती.

मग उठले आणि प्रिन्सिपल साहेबांकडे गेले. म्हटलं, शेरा चुकला, करार चालू ठेवा. ते म्हणाले, "शेरा आपका ही है, मैडम. ग़लत कैसे हो गया?"

मी सगळं सांगितलं. स्टूल, कॅन, गुरुवार, रिक्षा कुणाची, आणि समितीसमोर ती कुणी पळवली ते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी कापडात गुंडाळलेला मोमेंटो होता.

"नाम खुद चुका है," ते खिन्नपणे म्हणाले. आधी त्यांना ट्यूटरचं वाईट वाटतंय असं मला वाटलं, मग कळलं की मोमेंटोवर कोरून झालेल्या नावाबद्दल बोलताहेत. "आप लिखकर देंगी कि रिज़ल्ट उनका है, तो ये किस बात का रहेगा?"

"तर मग हा त्यांनाच द्या," असं मी हिंदीत म्हणाले, तर त्यांनी नियम दाखवला. पुरस्कार प्राध्यापकांसाठी होता आणि ट्यूटर प्राध्यापकांत मोडत नाहीत. उत्कृष्ट शिकवायचा हक्कसुद्धा पदाप्रमाणे होता.

इथे मी एक लाजिरवाणी गोष्ट केली, तीही सांगून टाकते. मी विचारलं, "दोन्ही होणार नाही का? करारही आणि मोमेंटोही?"

"मैडम," ते म्हणाले, "हड्डी एक ही तरफ़ से जुड़ती है." ही त्यांची स्वतःची म्हण असावी, मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही, पण अर्थ कळला.

बाहेरच्या ऑफिसात क्लार्कच्या टेबलाशी बसून मी लिहिलं. अर्धी ओळ लिहायला पाव मिनिट लागलं होतं, ती खोडायला दीड पान लागलं. माझा विषय माझ्या विभागात चांगला शिकवला जातो, पण तो मी शिकवत नाही, हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा ठेवलं. घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मग थोड्या वेळाने उठून त्याने न सांगता चहा केला.

दुसऱ्या दिवशी वेणीवाली मुलगी ट्यूटर साहेबांना ठेवावं असा अर्ज घेऊन आली, वर्गातल्या अठ्ठ्याऐंशी सह्यांचा. मी विचारलं, हे आधी का नाही केलं? ती म्हणाली, "पहले कौन लिखता, मैम?" चार दिवसांनी ॲनाटॉमीच्या विभागप्रमुखांनी आपल्या ट्यूटरबद्दल असंच पत्र दिलं, आणि त्यानंतर बायोकेमिस्ट्रीच्या बाईंनी. रिकाम्या रिक्षाबद्दलचं ट्यूटर साहेबांचं म्हणणं शेवटी खरंच होतं.

ट्यूटर साहेबांचा करार एक वर्षाने वाढला. एकाच वर्षाने, त्यापुढे प्रिन्सिपल साहेबांचा नाइलाज होता. पुरस्कार फिजिऑलॉजी विभागाला मिळाला असं कागदावर ठरलं. मोमेंटोवर माझ्या नावाच्या जागी विभागाच्या नावाचं स्टिकर चिकटवलं. लखनौच्या उकाड्यात त्याचा एक कोपरा सुटला आहे आणि तिथून माझं आडनाव अर्धं डोकावतं. बॅनर लागला नाही. भाभीजी अजूनही मंगळवारी नुसत्या भिंतीसमोरून देवळात जातात.

करार झाला त्या दिवशी मी ट्यूटर साहेबांना केबिनमध्ये बसायला लावलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. मी माफी मागितली, सरळ शब्दांत.

"मैडम, अंग्रेज़ी तो हमारी वाक़ई कमज़ोर है," ते म्हणाले. "आपने ग़लत क्या लिखा."

"पत्र मिळाल्यावर तुम्ही मिठाई आणलीत. का?" हे मी हिंदीत विचारलं, पण चिडून विचारलं. त्यांनी चिडायला हवं होतं आणि ते चिडत नव्हते, याचा मला संताप येत होता.

ते म्हणाले, "पत्र हमारा था, मैडम. इनाम आपका था. दोनों अलग बातें हैं."



त्या गुरुवारी मी लॅबमध्ये गेले. कॅनमागे नाही, दारातून आत. म्हटलं, चालू द्या, मी फक्त बसणार आहे. त्यांनी बरंच आइए-बैठिए केलं. रिकामी जागा स्टुलावरच होती, त्यामुळे मी पहिली सवारी झाले. मग मुलं भराभर बसली, रेघ वर चढली, सपाट झाली, आणि रिक्षा अमीनाबादला पोचली. सवाऱ्या उतरल्या. मी काही उतरले नाही. एक तर माझे गुडघे धरले होते, आणि दुसरं म्हणजे मला तिथे बरं वाटत होतं, इतकी वर्षं शिकवून एकदा नुसतं बसायला मिळालं होतं. ट्यूटर साहेब हँडल धरून थांबले. ऑक्सिजनने अमीनाबादला उतरायलाच हवं, पण विभागप्रमुखांना उतरा म्हणायचं कसं?  "ॲक्चुअली मैडम," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलं नाही.

मागून वेणीवाल्या मुलीचा आवाज आला, अगदी हळू, पण लॅब लहान आहे.

"मैम कार्बन मोनॉक्साइड हैं."

 ट्यूटर साहेबांचा चेहरा पांढरा झाला. मी टेबलाला धरून उठले, स्टूल मोकळा केला आणि मागे जाऊन भिंतीपाशी उभी राहिले. म्हटलं, "उतर गई. आगे पढ़ाइए."